आमच्या थोरल्या साडूंचा आवेश

देवाच्या कामात आमच्या थोरल्या साडूंइतका आवेशी माणूस अख्ख्या खडकीत झाला नसेल, आणि त्या आवेशाचा इतका त्रासही शेजाऱ्यापाजाऱ्यांना दुसऱ्या कुणी दिला नसेल. नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात, पण माझी बायको म्हणायची, "खरा स्फोटक माल संध्याकाळी ताईच्या घरी येतो." रविवारी चर्चची घंटा वाजायच्या आधीच हे पहिल्या बाकावर. गीत सुरू झालं की यांचा आवाज पेटीला मागे टाकून पुढे निघायचा. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की हे मधेच असं खणखणीत "आमेन" ठोकायचे, की निम्मी मंडळी प्रार्थना संपली समजून खाली बसायची. आणि उपासना चुकवायची तर सोयच नव्हती. दुपारी साडूंची सायकल दारात हजर. आमच्या एका शेजाऱ्यांनी क्रिकेटच्या सामन्यापायी तापाचं निमित्त केलं. साडूंनी खाटेपाशी बसून त्यांच्यासाठी मोठ्यांदा प्रार्थना केली आणि उठता उठता विचारलं, "स्कोअर काय झाला?"

साडू निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत मेहुणीला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. भांडं पडलं तरी दचकून रडायची. साडूंनी चर्चला येणंच सोडलं. मंडळींत कुजबुज सुरू झाली. एक बाई तर म्हणाल्या, "चांगल्या दिवसांपुरती होती वाटतं यांची भक्ती!" शेवटी पाळकसाहेबांनी मला गाठलं. "अहो, आपण घरचे. जरा बघून या."

त्याच दुपारी गेलो. आवाज होऊ नये म्हणून दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं. आत साडू मेहुणीला पेज भरवत होते. तिने तोंड फिरवलं की चमचा धरून थांबायचे. ती वळली की पुढचा घास. मी हळूच म्हटलं, "मंडळी विचारतात."

"काय? माझा विश्वास ढळला का?" ते कुजबुजले. "साडूबुवा, तिथे गाणारे पुष्कळ आहेत. ही मात्र दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही."

"तुम्हाला चुकल्यासारखं होत नाही?"

"होतं तर! घंटा ऐकली की पाय आपोआप चपलेत जातात. मग काढतो परत."

मेहुणीचं तोंड पुसून, तिची उशी नीट करून ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "पाळकसाहेबांना सांगा, आमचं ठीक चाललंय," ते म्हणाले. मी दोन पायऱ्या उतरलो, तर मागून हलकेच हाक आली. "कधीकधी फार कंटाळतो हो मी. तेवढं मात्र सांगू नका."

नाही सांगितलं. आता साडू नाहीत, मेहुणी नाही, पाळकसाहेबही नाहीत. म्हणून ते राहिलेलं आज सांगितलं.