खिदिरपूरच्या चरातली बोटभर रेघ

चराच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं आणि खाली नऊ माणसं खोदत होती. ‘भिंत पक्की, फळ्यांचा आधार नको’ असा रिपोर्ट कालच मी सही करून दिला होता.

खिदिरपूरला रस्त्याकडेला गटाराच्या पाइपसाठी हा खोल चर खणत होते. मी जिऑलॉजिस्ट, पुण्याहून बदलून नुकताच कलकत्त्याला आलेलो. आमच्याकडचा काळा पाषाण सुरुंगाशिवाय हलत नाही. इथे सगळा नदीने आणलेला गाळ. काल भिंतीतले थर वाचले: वर भराव, मग चिकणमाती, त्याखाली कुजलेल्या लाकडांचा काळा थर, आणि त्याच्याही खाली बोटभर करडी रेघ. तिथली माती दातांखाली धरली. आम्ही तसंच पाहतो; चिकणमाती लोण्यासारखी लागते, रेती कचकचते. ही कचकचली, पण कोरडी होती. म्हटलं, बोटभर तर आहे, काय होतंय!

मुकादम निमाई तेव्हा म्हणाला होता, “बाबू, गंगेला जोयार येईल तेव्हा पण एकदा बघा.” जोयार म्हणजे भरती, आणि गंगा म्हणजे इथली हुगळी. मी चक्क हसलो होतो. समुद्र कुठे, खिदिरपूर कुठे!

आज भरती नदीतून इथवर चढली होती आणि तीच रेघ घामेजली होती. पाण्याबरोबर रेतीही येत होती, म्हणजे भिंत आतून पोकळ होत होती.

“साहेब, माणसं वर घ्या, आत्ताच्या आत्ता!” मी आमच्या इंजिनिअर चॅटर्जीसाहेबांना म्हणालो.

“कालच तर तुम्ही लिहून दिलंत. काम थांबवायचं कारण काय लिहू?”

“माझा मूर्खपणा लिहा!”

ते पेन शोधायला लागले. मी काठावर धावलो आणि ओरडलो, “निमाई, जोयार! भिंतीतून पाणी!”

त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. एकेकाला ढकलत शिडीवर चढवू लागला. नऊ माणसं आणि शिडी एक. मी मोजत होतो. आठवा वर आला. निमाई अजून खालीच होता, आणि काळ्या थराखाली ढेकळं सुटायला लागली होती. शेवटी तो शिडी चढू लागला; त्याचा हात हाती लागला तेव्हा मी त्याला दोन्ही हातांनी वर ओढलं.

पाच मिनिटांत भिंत खाली बसली. फारसा आवाजही झाला नाही. शिडी, फावडी, सगळं गडप.

मी रस्त्याकडेला बसलो. निमाई शेजारी टेकला.

“बाबू, मातीला चाखून विचारता. आमचं नुसतं ऐकायचं होतं.”

त्यानंतर माझ्या प्रत्येक रिपोर्टवर पहिल्या ओळीत पाहणीची वेळ असे, आणि भरती की ओहोटी. दुसऱ्या ओळीत मुकादमाचं म्हणणं.