आरतीच्या चालीवर

त्या दिवसांत मी देवावर रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. माझे यजमान गुरव. सोपाऱ्याजवळच्या आमच्या गावात तळ्याकाठी महादेवाचं पुरातन देऊळ आहे. त्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. समजायचं सगळं, बोलायला गेले की तोंडातून नुसतं अं-अं. जन्मभर ज्याने तुझी सेवा केली त्याचीच वाणी हिरावून घ्यायची, हा कुठला न्याय, असं पिंडीवर पाणी घालताना मी रोज विचारायची.

यांचं बोलणं म्हणजे देवळाचं वैभव होतं. नायगावच्या नव्या इमारतींतून कोणी दर्शनाला आलं की हे त्यांना पायरीवर बसवून कथा सांगायचे. पोर्तुगीजांच्या काळात पुजाऱ्यांनी पिंड तळ्यात लपवली, देव पाण्याखाली असतानाही काठावर रोज दिवा लागत राहिला, पुढे गाळ उपसताना पिंड सापडली, अशी ती कथा. ऐकणाऱ्याची बस चुकली तरी यांची कथा आटपायची नाही. आता लोक आले की हे घरात जाऊन बसत. देवळात तर पाऊलच टाकेनात. पहाटेचं स्नान, भस्म, बेल, दुपारचा दहीभात, संध्याकाळची आरती, सगळं मीच करायची. करायची कसली, उरकायची.

देवाचा सोनचाफा आमच्याकडे शेजारच्या गास गावच्या मेरीबाईंच्या वाडीतून येतो. एका सकाळी त्या फुलं घेऊन आल्या आणि माझा बांध फुटला. टोपली खाली ठेवून त्या शेजारी बसल्या.

"वयनी, आमच्या सासऱ्यांचं पण असंच झालेलं. घरात एक शब्द नाही. पण चर्चमध्ये गायन सुरू झालं की सगळ्यांबरोबर गायचे. भाऊंना आरतीला उभं तर करून बघा."

संध्याकाळी मी यांना अक्षरशः ओढत नेलं. खांबाला टेकून, मान खाली घालून हे उभे राहिले. मी आरती सुरू केली. दुसऱ्या कडव्याला माझ्या आवाजाखाली एक घोगरा सूर लागला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं आणि थांबला तर? शेवटपर्यंत हे गात होते, शब्द न्‌ शब्द स्वच्छ. आरती संपली, मी विचारलं, "पाणी देऊ?" तर पुन्हा अं-अं. घरी येऊन मी खूप रडले. देवाशी भांडावंसं मात्र वाटलं नाही.

मग रोजची आरती आम्ही दोघं करू लागलो. 'यांना बोलतं कर' हे देवाकडचं माझं रोजचं मागणं कधी बंद पडलं, कळलंच नाही. अशाच एका सकाळी ओट्यापाशी उभी होते. मागून आरतीच्याच चालीवर सूर आला, "अगं, चहा..."

लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. या 'अगं'वरून मी कितीदा कुरकुरले असेन. त्या दिवशी चहा उतू गेला तरी मी तशीच उभी.

डॉक्टर म्हणतात, असं होतं, गाण्याच्या वाटेने शब्द येतात. होत असेल. मला कोणाशी वाद घालायचा नाही. हे अजून नीट बोलत नाहीत, कदाचित बोलणारही नाहीत. ते मी महादेवावर सोपवलंय. दिवसभर घरात आरतीच्या चालीवर 'अगं' चालू असतं, आणि हातातलं काम टाकून मी दरवेळी ओ देते.