पाणी कधी तोडावं

संत्र्याच्या बागायतदारांचा एक ऑनलाइन मंच आहे. कोणी प्रश्न टाकतो, ज्याला माहीत असेल तो उत्तर देतो. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी त्यावर बसू लागलो आणि बायको गेल्यापासून तर अमरावतीच्या या घरात मला दुसरं काम उरलं नाही. पोळी-भाजीचा डबा येतो, डबेवाली बाई बेल वाजवून निघून जाते. बोलायचं ते मंचावरच.

यंदा तिथे वाद पेटला, एआयनं लिहिलेली उत्तरं चालू द्यायची की नाही. तरुण मंडळी म्हणाली, उत्तर बरोबर असलं म्हणजे झालं. मी बंदीच्या बाजूनं लांबलचक लिहिलं. ज्यानं झाड पाहिलं नाही त्यानं सल्ला देऊ नये, वगैरे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मशीन सगळं सांगू लागलं तर मला कोण विचारणार?

त्याच आठवड्यात अकोल्याकडच्या एका बागायतदाराचा प्रश्न आला. बहार धरायला बगीचा ताणावर सोडतात, म्हणजे झाडांचं पाणी तोडतात, ते कधी तोडावं? सलग चौथ्या वर्षी तोच माणूस, तोच प्रश्न. मला ताप होता, डोकं ठणकत होतं. चिडून प्रश्न एआयला दिला आणि आलेलं उत्तर माझ्या नावावर चिकटवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तासाभरात त्याचं लिहिणं आलं.

"उत्तर बराबर हाय, काकाजी. मले बी आता ठावं झालं हाय. पन दरसाली तुमी आंधी मलेच इचारता, जमीन किती खोल, दुपारी पानं मान टाकून राहिले का. यंदा काईच नाई इचारलं. तब्येत बरी हाय नं?"

म्हणजे उत्तर त्याला कधीच पाठ झालं होतं. तरी तो विचारत होता. मला फार लाज वाटली. ते उत्तर पुसलं, आपलं नव्हतं हेही सर्वांसमोर लिहिलं. मग त्याच्यासाठी "बरी आहे" असं टाइप केलं. तेही पुसलं.

लिहिलं, "ताप आहे. घरात कोणी नाही. तुमची पानं दुपारी कशी आहेत?"