तांब्याच्या मुखवट्याची हाक

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. हॉस्टेलवर मैत्रिणी प्लँचेट करायच्या तेव्हा वाटी ढकलणारी मीच असायचे! त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर काही वर्षांनी माझा नवरा निनाद पोस्टडॉकसाठी क्योतोला आला, मागोमाग मी. आम्ही वरच्या मजल्यावर आणि खाली घरमालकीण मोरिता-सान. सत्तरी ओलांडलेल्या, टुकटुकीत बाई. मूळच्या जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या. त्या भूकंपानंतरच्या त्सुनामीत त्यांचे यजमान गेले... म्हणजे सापडलेच नाहीत. मग त्या यजमानांच्या गावी, क्योतोला येऊन राहिल्या.

चिखलातून स्वयंसेवकांनी त्यांच्या घरातली एकच वस्तू शोधून दिली होती – एक मुखवटा. काँगोतल्या सालाम्पासू लोकांचा. यजमान तरुणपणी तिकडे तांब्याच्या खाणीत इंजिनियर होते, निघताना एका म्हाताऱ्याने तो त्यांना दिलेला. लाकडावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या, पुढे आलेलं भलंमोठं कपाळ, विचकलेले दात. हा लढवय्यांचा मान, कमावल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, म्हणून यजमानांनी तो कधीच घातला नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दचकले होते. मोरिता-सान मात्र त्याला रोज ‘गुड मॉर्निंग’ करायच्या.

त्यांचा टोकियोतला मुलगा सारखा म्हणायचा, बाबांचं नाव कबरीवर कोरून घेऊ या. त्या ऐकायच्या नाहीत.

“ते मला हाक मारल्याशिवाय कधी घराबाहेर पडले नाहीत, मेघा-सान. त्या दिवशी मी मागे कपडे वाळत घालत होते. हाक ऐकूच आली नाही. मग ते गेले असं मी कसं म्हणू?”

मी विषय बदलला. म्हटलं, “हे तांबं फार काळवंडलंय. आमच्याकडे चिंच लावतात. थोडीशी लावून बघू?”

भर दुपार होती. मी चिंचेचा कोळ कपाळावर चोळून ओल्या फडक्याने पुसत होते. लालसर झळाळी आली, आणि तेवढ्यात –

“अहो...”

पुरुषी आवाज. सावकाश, लाडात आल्यासारखा. अगदी माझ्या हाताखालून.

मला वाटलं, जिन्यातून निनाद चिडवतोय. एरवी मी त्याला नावानेच हाक मारते, फक्त सासूबाई व्हिडिओ कॉलवर असल्या की ‘अहो’. त्यावरून तो माझी नक्कल करतो. “काय रे?” मी ओरडले. मग आठवलं, तो तर लॅबमध्ये होता.

मोरिता-सान ताठ बसल्या होत्या. मुखवट्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “हाय.” जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’.

“तुम्हीही ऐकलंत?” मी विचारलं. “पण... हा तर मराठी शब्द आहे!”

त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. “इकडच्या बोलीत ‘अहो’ म्हणजे खुळी. ते मला तेच म्हणायचे. लग्नानंतर सुरुवातीला फार राग यायचा. मग सवय झाली... ‘अहो, चाललो गं’ म्हणायचे आणि निघायचे.”

मी त्यांचा हात धरून बसले. माझे हात चिंचेने चिकट झालेले, पण ते धुवायचं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. “नाव कोरून घे,” म्हणाल्या. “बाबा निघाले. सांगून निघाले.”

निनादच्या मते शेजारचा टीव्ही असेल, नाहीतर पाइपमधला आवाज. असेलही.

फक्त तो लॅबला निघाला की आता मी दारात येऊन ‘अहो’ म्हणते. आणि त्याचं ‘हाय’ ऐकू आल्याशिवाय दार लावत नाही.