धाकट्या साडूंची वेबसाइट

बायकोच्या माहेरी नवऱ्याला गर्व चढू नये म्हणून देवानं साडू निर्माण केला, आणि मला तो जरा जास्तच चढेल अशी शंका आली असावी म्हणून माझ्या वाट्याला आमचे धाकटे साडू आले. मी हौसेनं स्कूटर घेतली, तर त्यांची जुनी मोपेड माझ्या निम्म्या पेट्रोलमध्ये पळायची. मी गुलाब लावला की त्यावर मावा पडायचा; त्यांनी नुसती काडी खोचली तरी फुलं यायची. सासरी तांबड्या रश्श्यातली नळी आधी त्यांच्या ताटात पडायची. "धाकटं हाय, खाऊ दे की," असं सासूबाई म्हणायच्या. हे धाकटं तेव्हा पन्नाशीला आलं होतं.

फक्त एका बाबतीत मी त्यांच्या पुढे होतो. आम्ही दोघं ज्या बागप्रेमी मंडळाचे सभासद, त्याची वेबसाइट मी केली होती. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा संध्याकाळचा क्लास लावून मी ती विद्या शिकलो होतो. वेबसाइट उघडली की आधी एक फुलपाखरू पडदाभर उडायचं, मग अध्यक्षांचा फोटो, मग त्यांचं मनोगत, मग संस्थापकांचे फोटो, आणि रोपं कधी मिळणार ती तारीख सगळ्यात खाली. ती विचारायला सभासद तिथं दिलेल्या नंबरावर, म्हणजे माझ्या घरी, फोन करायचे, ते मी माझ्या लोकप्रियतेचं लक्षण समजत होतो. सासरीसुद्धा माझी ओळख 'वेबसाइटवाले जावई' अशी करून देत. तेवढ्या एका शब्दावर मी कितीतरी नळ्या सोडून दिल्या.

आणि एके दिवशी मंडळानं ठरवलं की वेबसाइट नव्यानं करायची, आणि ती आमच्या साडूंनी करायची. साडूंचं राजारामपुरीत चांदीच्या दागिन्यांचं दुकान होतं. हुपरीच्या कारागिरांना नक्षी पाठवता यावी म्हणून ते कॉम्प्युटर शिकले, आणि मग मुलाची पुस्तकं चाळत वेबसाइट करायलाही. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं. वाईट कसलं, अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या कुणी दार लावून काम सुरू केलं असतं. हे गृहस्थ सभासदांच्या घरी जाऊन बसायला लागले. दुकानातही त्यांची हीच रीत. बाईला पैंजण घालून चालायला लावायचे आणि आपण खाली मान घालून तिची पावलं बघत बसायचे. "कसं वाटतंय म्हणून इचारलं, तर बाई 'बरं हाय' म्हणती आन् घरी जाऊन काढून ठेवती," ते मला एकदा म्हणाले होते. "पायाला इचारायचं दादा, तोंडाला न्हाय." इथंही तसंच. माझी वेबसाइट उघडून सभासदाला कॉम्प्युटरपुढे बसवायचं, "वर्गणी कुठं भरायची ते हुडका," म्हणायचं आणि मागे खुर्ची टाकून गप्प राहायचं. दाखवायचा मोह होऊ नये म्हणून स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे. समोरचा माणूस चुकत असताना तोंड मिटून बसणं या गावात कुणाला जमल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पण गाव कोल्हापूर. घरी आलेल्या पावण्याला आधी जेवायला बसवणार, आणि त्यानं पुढं केलेल्या वस्तूला त्याच्या तोंडावर नाव ठेवणार नाही. तारीख सापडत नसली तरी जो तो म्हणायचा, "लै भारी हाय, कशाला बदलताय?" माझ्या कानावर हे आलं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग अचानक काय झालं कोण जाणे, तीच माणसं घडाघडा बोलायला लागली. माझ्या वेबसाइटची लक्तरं चौकाचौकात निघू लागली.

उलगडा केला नसीमआपांनी. त्या निवृत्त नर्स, मंडळात त्यांच्यासारखी शेवंती कुणाची नाही. भाजी घेताना भेटल्या आणि मला निरखून म्हणाल्या, "व्हय की, ते साडू म्हंजे तुम्हीच न्हवं?"

"कुठले साडू?"

"आवं, पावण्यांनी सांगिटलं की. हे मी केल्यालं न्हाय, आमच्या थोरल्या साडूनं केलंय, तवा बिनधास्त नावं ठेवा. मग म्या बोलले. त्या फुलपाखरानं डोकं फिरतंय बगा. रागावू नका हं."

साडू म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साडूची वस्तू साडूपुढं उणी ठरवणं हा पावण्याचा अपमान नव्हे, पाहुणचारच. माझ्या नावावर सगळा गाव मोकळा झाला होता.

वार्षिक सभेत नवी वेबसाइट दाखवली. पहिल्याच पानावर रोपांची तारीख, वर्गणी, आणि फोन कुणाला करायचा ते. अध्यक्षांचा फोटो पार आत गेला होता, आणि अध्यक्षच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. शाल-नारळ साडूंनी लाजत वगैरे नाही, चांगली छाती काढून घेतला.

नंतरच्या रविवारी ते घरी आले. भांडायला मी तयारच होतो. त्यांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि मागे बसले. मी चुका हुडकत होतो. एक सापडेना. शेवटी मी वळलो. "पावणं, ही एकच गोष्ट माझी होती. तीही तुम्ही नेली. वर गावभर माझं नाव सांगत हिंडलात. मला तुमचा हेवा वाटतो, पहिल्यापासून वाटतो."

त्यांचे हात मांडीखालीच होते.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "पन तुमचं नाव घेटल्याबिगर लोक खरं बोलंनात. मग काय करू?" माफी मागितली नाही. जेवायला मात्र थांबले, आणि आग्रह मी केला, याचं मलाच नवल वाटलं.

आता दुकान मुलाकडं देऊन ते पुण्याला लेकीजवळ असतात. वेबसाइट मी सांभाळतो. सासरी जेवायला बसलो की पान एकट्याचं, चव काही लागत नाही. मागच्या बैठकीत नवी तरुण मंडळी म्हणाली, वेबसाइट जुनी झाली, बदलून टाकू. मी घसा बसेपर्यंत भांडलो. एक अक्षर बदलायचं नाही, इतक्या लोकांना विचारून केलेलं काम आहे, म्हणालो. मंडळींनी ऐकलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "भाऊजींना फोन करून सांगा की. किती बरं वाटंल त्यास्नी."

फोन उचलला, आणि परत ठेवला. उगाच चढून बसायचे.