न दिलेली धोतरे

आमच्या पेठेत आजही म्हणतात, तो म्हातारा चिकट होता. दुसरीही नातच झाली म्हणून त्याने बाळाच्या दुपट्यांसाठी आपली जुनी धोतरे दिली नाहीत. हे साफ खोटे आहे. नव्वदच्या दशकात रंकाळ्याच्या कट्ट्यावर रोज त्यांच्याशेजारी मी बसत असे, हे बोलणारे नव्हेत.

‘व्हय की’ हेच त्यांचे निम्मे बोलणे. उरलेले खोकल्यात जाई. उभी हयात त्यांनी पेठ वडगावकडच्या मळ्यांत, धोतर खोचून आणि पाठीवर पंप बांधून, पिकांवर औषध फवारले होते. त्याच धोतरांच्या दुपट्यांत वाढलेल्या थोरल्या नातीला पहिलीतच जाड भिंगांचा चष्मा लागला. आजोबांच्या फवारणीचा परिणाम नातीपर्यंत पोहोचला असेल, नसेलही, असे डॉक्टर म्हणाले. इतरांनी ‘नसेल’ ऐकले, यांनी ‘असेल’.

म्हणून धाकटीच्या वेळी त्यांनी सगळी धोतरे परसात जाळली आणि बारशाला बाळ मांडीवरही घेतले नाही. मुलगा रागाने वेगळा राहिला. थोरली तेवढी रविवारी भेटायला येई.

"अहो, मुलाला खरे सांगा, नाहीतर मी सांगतो!" मी कडाडलो.

"नगा, मास्तर. चिकट म्हणूंद्यात. थोरलीला कळलं, तिचं डोळं आज्ज्यामुळं अधू झालं, तर ती यायची न्हाय. मी हाय तवर गप्प ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. ते गेल्यावर मात्र थोरलीला सारे सांगितले.

"मला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले तेव्हा मी तिथंच बसलेले."