पीक फुल पाहिजे

संतोषचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या कॅबमध्ये अडकलो होतो. संतोष माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा. त्याचा फोन म्हणजे तात्यांनी पुन्हा मॉनिटर बिघडवला असणार, असं धरून मी उचलताक्षणी म्हणालो, "आधी बंद करून चालू कर." तो म्हणाला, "दादा, तात्या गेले." माझं ते 'बंद करून चालू कर' तात्यांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते.

तात्या माझे थोरले चुलते. पुनावळ्यातलं त्यांचं रान सोसायट्यांखाली गेलं. शेवटची बाजरी निघाली तेव्हा उन्हात पाखडत बसलेल्या काकूचा व्हिडिओ त्यांनी स्वतः मोबाइलवर काढला होता. पुढे काकू गेली. "त्यात ती हसतीय," असं ते येईल त्याला सांगायचे. पण मोबाइलवर त्यांना धड दिसेना, म्हणून जमिनीच्या पैशांतून भावकीत गाड्या येत होत्या तेव्हा तात्यांनी कॉम्प्युटर आणि सगळ्यांत मोठा एचडीआर मॉनिटर आणला. ऊन अगदी उन्हासारखं दिसतं, असं दुकानदार म्हणाला होता. आता, पडद्याला जास्तीत जास्त किती उजेड झेपतो ते सेटिंगमध्ये नेमकं सांगावं लागतं. तात्यांनी पट्टी थेट टोकाला नेली. न झेपणारा उजेड सांगितला की उजळ भाग पांढरेफटक होतात, आणि त्यात नेमका काकूचा चेहरा गेला.

"तुझी काकू दिसंना झालीय, ये आधी," असा फोन आला. मी गेलो, पाहिलं आणि सरळपणे म्हणालो, "तात्या, पीक ब्राइटनेस जास्त झालाय. पीक कमी करावं लागेल."

तात्या खुर्चीतून उठलेच. "काय कमी करावं लागंल?"

"पीक."

"आरं लेका, शेतकऱ्याच्या घरात बसून पीक कमी कर म्हणतोस? खत कमी म्हण, पाणी कमी म्हण... असलं जन्मात कुनी बोललं न्हाई मला!"

हे पीक इंग्रजी, त्याचा अर्थ टोक, असं मी समजावलं. "मंग टोकालाच ठिवलंय की!" म्हणाले. चहा झाला, तरी ते पडद्यावरच्या पांढऱ्या डागाकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "ती दिसली पायजे बग. बाकी काय न्हाई... कर कमी. पन बियाण्यापुरतं तरी राहू दे."

मी पट्टी हळूहळू मागे घेतली. आधी नथ दिसली, मग डोळे. काकू हसत नव्हती. व्हिडिओत मोबाइलमागून तात्या ओरडत होते, "अगं, हास की जरा!" आणि ती पाखडणं थांबवून, सूप आता यांच्या डोक्यात घालते की काय अशी बघत होती. आता तात्यांना वाईट वाटणार, असं मला वाटलं.

"व्हय," ते म्हणाले, "हीच ती! मघापासून म्हनतोय, ही गोरीपान कोन हाय?" हसले, आणि हसता हसताच उपरण्याने डोळे पुसायला लागले.

परवा पुनावळ्याला गेलो होतो. तात्यांची खुर्ची तिथेच आहे. संतोषने तोच व्हिडिओ लावला. काकू रागाने बघू लागली आणि खोलीभर तात्यांचा आवाज घुमला, "अगं, हास की जरा!" आम्ही दोघंही हसलो, आणि मग एकमेकांकडे बघवेना.

संतोषने माउस उचलला. "दादा, अंधारल्यासारखं वाटतंय. पीक वाढवू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "तात्यांनी जन्मात एकदाच कमी केलंय."